अवघड कुठे आहे?

मिठागरात वाढलेल्या माणसाला पाण्याची चाल कळते. आमच्या पेणच्या खाडीकाठची सुहासिनी लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग जपानला गेली आणि तोक्योजवळच्या ग्योतोकुत राहिली. तेही एके काळी मिठाचंच गाव. आता तिथे वाफा नाही की मिठाचा खडा नाही. उंच इमारती, सायकलींच्या रांगा आणि पुलावरून जाणारी तोझाई लाईनची गाडी. पण भरतीचं वारं सुटलं की चौथ्या मजल्याच्या गॅलरीत तिला माहेरचा वास यायचा. तिने तो फ्लॅट पसंत केला तो त्या वासासाठी.

घेतला तेव्हा जागांचे भाव आभाळाला टेकले होते. तिचा नवरा उल्हास मूळचा पुण्याचा, तोक्योतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. कंपनीच्या शब्दावर बँकेने कर्ज दिलं. पुढे भाव निम्म्यावर आले आणि अठ्ठ्याण्णव साली कंपनीच बुडाली. हप्ते थकले. बँकेने कोर्टात लिलावाचा अर्ज लावला. लिलावात घर कवडीमोलाने जाणार, उरलेलं कर्ज डोक्यावर तसंच राहणार, आणि घराबाहेर कधी पडायचं तेही दुसराच ठरवणार.

"जाऊ दे आता," उल्हास भिंतीकडे बघत म्हणाला. "पुण्याला परत जाऊ."

"चोरासारखे? अहो, मला नाही जमायचं ते."

घरं विकून देणाऱ्या एका दलालाने तिला दुसरी वाट सांगितली होती. लिलावाच्या बोली उघडायच्या आधी बँकेने होकार दिला, तर घर आपणच विकायचं. कर्जाहून किंमत कमी आली तरी बँक ती घेते, घर गहाणातून मोकळं करते, आणि उरलेलं कर्ज झेपेल तसं फेडू देते. सुहासिनीला हे चटकन समजलं. आमच्याकडे शेताच्या बांधाला लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. पावसाचं पाणी तुंबलं की ओहोटी गाठून ती आपल्या हाताने उघडायची. थोडं पीक वाहून जातं. पण उघडली नाही, तर बांध फुटतो आणि शेतच जातं.

ती बँकेत गेली. निशिदा नावाचे किडकिडीत, मवाळ बोलणारे अधिकारी होते; सगळे त्यांना निशिदा-सान, म्हणजे निशिदासाहेब म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाले, "मुझुकाशी देस ने."

हा शब्द तिला नगरपालिकेच्या जपानी वर्गात शिकवला होता. मुझुकाशी म्हणजे अवघड. तिने मान हलवली आणि सरळ विचारलं, "कुठे अवघड आहे?"

निशिदा-सान गडबडले. हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. त्यांनी कागद उलटेपालटे केले. "गिऱ्हाईक... गिऱ्हाईक तर नाहीये ना."

"एवढंच ना," म्हणत ती उठली.

दलालाने बजावलं, गिऱ्हाईक यायचं तर घरात फोडणी बंद. मसाल्याच्या वासाने लोक उंबऱ्यावरूनच परततात. मग तिने पडदे धुतले, भिंती पुसल्या आणि घराला दहीभातावर ठेवलं. आठ वर्षांची लेक अश्लेषा रोज ताटाकडे बघून तोंड वाकडं करायची. शेवटी स्टेशन जवळ म्हणून एका जोडप्याला घर आवडलं.

"मुझुकाशी देस ने," निशिदा-सान पुन्हा म्हणाले.

"आता कुठे?"

"किंमत. वरच्या ऑफिसला कमी वाटेल."

तिने त्याच इमारतीतला एक फ्लॅट लिलावात केवढ्याला गेला ते शोधून आणलं. तो याहून बराच स्वस्त गेला होता. तरी तिसऱ्यांदा तोच शब्द. घरी येऊन तिने उल्हासला सगळं सांगितलं, तेव्हा तो कितीतरी दिवसांनी हसला.

"अगं वेडे, मुझुकाशी म्हणजे नाही! ऑफिसात असं कोणी म्हटलं की आम्ही गुपचूप फाईल मिटतो. पहिल्याच दिवशी नकार दिलाय त्याने तुला."

सुहासिनी म्हणाली, "नाही म्हणायला त्याने काय तोंडात मिठाची गुळणी धरलीये? अवघड म्हणाला ना? मग मी अवघडच धरणार."

"त्याची नोकरी खाऊन येशील तू."

"त्याची कशाला खाऊ? आपली अब्रू वाचवते आहे. उद्या तुम्हीही चला. कोट घाला."

दुसऱ्या दिवशी दोघं गेली. बोली उघडायचा दिवस जवळ आला होता. निशिदा-सानांनी हवा आत ओढली, पण शब्द बाहेर यायच्या आत ती नम्रपणे म्हणाली, "निशिदा-सान, नाही असेल तर नाही म्हणा. मी परत येणार नाही. पण अवघड असेल तर कुठे, ते सांगा."

उल्हासने मान खाली घातली. निशिदा-सानांनी तिच्याकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं. "नाही" हा शब्द त्यांच्या ओठांवर येईना. अखेर ते उठले, फाईल छातीशी धरली आणि म्हणाले, "थांबा. कुठे अवघड आहे, ते मीच वर विचारून येतो."

बऱ्याच वेळाने ते खाली आले आणि कमरेत वाकले. होकार आला होता.

घर सोडताना तिने उंबरा धुतला, हळदीकुंकू वाहिलं आणि किल्ली आपल्या हाताने त्या जोडप्याच्या हातात ठेवली. जिन्यात उल्हास म्हणाला, "गेलं घर."

"गेलं नाही. दिलं."

जवळच, इचिकावा स्टेशनच्या बाजूला त्यांनी भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. उल्हास मिळेल ते काम करू लागला, तिने जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात जागा धरली. उरलेलं कर्ज पुढे कैक वर्षं फिटत राहिलं. पण त्या पहिल्या संध्याकाळी तिने आधी खिडक्या उघडल्या, मग कढई चढवली आणि सढळ हाताने हिंग-मोहरीची फोडणी घातली. अश्लेषाने नाक दाबून, "कुसाई!" म्हणत, म्हणजे वास येतो म्हणत, शिंका दिल्या आणि आमटी दोनदा मागून घेतली.