फिट येणारी चिलटं

शाळेत असताना मला पहिली फिट आली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एकच नियम झाला : कुणाला सांगायचं नाही. आम्ही कन्नडजवळच्या पिशोर गावचे. मुलीला फेफरं आहे हे बाजारात एकाच्या कानावर गेलं की तिच्या लग्नाचा विषय संपला. आईनं देवऋषी केला, दर्गा केला, कुणाच्या तरी सांगण्यावरून मंगळवार धरले. शेवटी आबांनी, माझ्या वडिलांनी, मला औरंगाबादला डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. फिट कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. मागच्या जन्माचं कायतरी असंल, असं आई मधूनमधून म्हणायची. ती हे रागानं म्हणायची नाही, पण गोळी गिळताना मला दर वेळी तेच आठवायचं.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला मी औरंगाबादला आले, वसतिगृहात राहिले, आणि तिथंही घरचा नियम पाळला. फक्त माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला माहीत होतं, कारण तिनं एकदा पाहिलं होतं. ती पैठणची, माझ्याच वर्गातली; तिच्या वडिलांचं तिथं कापडाचं दुकान होतं. आमच्याशी मराठी आणि घरी दखनी उर्दू बोलणारी. तिनं कुणाजवळ तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्याकडं एक मॅडम आल्या. त्यांनी बाहेरच्या शहरात चिलटांवर काम केलं होतं. चिलटं म्हणजे सडक्या केळ्यावर घोंघावतात तीच. त्यांच्यावर मज्जासंस्थेचा अभ्यास करता येतो आणि तो आम्हाला शिकवायचा, असं त्यांनी ठरवलं. विभागप्रमुखांना हे पटलं नव्हतं. इथला उन्हाळा चिलटांना सोसत नाही, पैसे नाहीत, यंत्रं नाहीत, हे मराठवाड्यात व्हायचं नाही, असं ते म्हणत. मॅडमनी थंडी निवडली. एका अडगळीच्या खोलीत कपाट लावलं आणि सलाईनच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून चिलटांचं खाणं करायला आम्ही शिकलो. नर-मादी ओळखायला शिकलो, बर्फावर ठेवून त्यांना गुंगवायला शिकलो. माझे हात या कामाला चांगले निघाले. ब्रशच्या टोकानं एक चिलट उचलावं आणि त्याचा पायही दुखावू नये, हे मला लवकर जमलं.

मग एके दिवशी मॅडमनी दोन बाटल्या आणल्या. एकीत साधी चिलटं, दुसरीत त्यांनी रेल्वेनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली वेगळी जात. दोन्ही बाटल्या त्यांनी टेबलावर काही वेळ जोरजोरात आपटल्या. साधी चिलटं तळाशी पडली आणि लगेच काचेवर चढायला लागली. दुसरी उताणी पडली. पंख फडफडले, पाय थरथरले, मग सगळी निपचित. थोड्या वेळानं पुन्हा थरथर. मग एकेक करून ती उभी राहिली, आधी डगमगत, नंतर नीट.

वर्गात हसू पसरलं. दारू प्यालीत म्हणून कुणीतरी म्हणालं. मला हसू आलं नाही. माझी फिट मी कधी पाहिलेलीच नव्हती. मला फक्त नंतरचं माहीत होतं : चावलेली जीभ, अंगाखालची माती, भोवतीचे चेहरे. लोकांना काय दिसतं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

एका जनुकात फरक पडला की मज्जापेशींमधली विजेची ये-जा नीट आवरली जात नाही आणि धक्का बसला की सगळ्या पेशी एकदम पेटतात, असं मॅडम सांगत होत्या. माणसातही काहींचं असंच असतं, म्हणून ही चिलटं उपयोगाची.

मी विचारलं, "म्हणजे यांनी काही केलेलं नसतं?"

पुन्हा हसणं झालं. मॅडम हसल्या नाहीत. "चिलट काय करणार आहे?" त्या म्हणाल्या.

"मला फिट येते," मी म्हणाले. "अशीच."

मॅडमनी मी औषध घेते का ते विचारलं, चुकवते का ते विचारलं. मग बाटली माझ्या हातात दिली. "आता तू आपट. आणि किती वेळानं उठतात ते तूच बघ."

मी आपटली. माझ्या आयुष्यात मला तितकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांत ही गोष्ट विभागप्रमुखांपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावलं, आणि मी पोचायच्या आत पिशोरच्या फोनच्या दुकानावर आबांसाठी निरोपही ठेवला. स्पिरिटचा दिवा आहे, काच आहे, रसायनं आहेत, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. घरी राहून परीक्षा द्यावी, प्रयोगशाळेत पाऊल ठेवू नये. ते वाईट बोलले नाहीत, मायेनंच बोलले. मला त्या मायेचाच राग आला.

आबा दुसऱ्या दिवशी एस.टी.नं आले. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले आणि सर म्हणतील त्याला मान हलवत राहिले. पोरीला घेऊन जातो म्हणाले. मॅडमनी सांगून पाहिलं की दिव्यापाशी तिला एकटीला बसवणार नाही, सोबत नेहमी कुणीतरी असेल. सरांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

मी उभी होते. सरांना साखरेचा आजार होता, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. त्यांच्या खणात ग्लुकोजचा पुडा असायचा आणि गेल्या पावसाळ्यात ते वर्गात चक्कर येऊन बसले होते.

"सर," मी म्हणाले, "तुम्हाला वर्गात चक्कर आली तेव्हा तुम्हाला कुणी घरी पाठवलं होतं का?"

आबांनी डोळे मिटले. सरांनी समोरचा खण पुरता लावून घेतला. मग मॅडमकडं बघून म्हणाले की तुमच्या जबाबदारीवर करा, मला यात काही विचारू नका. परवानगी म्हणाल तर ती एवढीच.

बाहेर लिंबाखाली आबा माझ्याकडं न बघता बोलले. "समद्यांपुढं बोललीस. आता गावात कोन दारात उभं राहनार नाय."

"नसू द्या, आबा. मी येत नाही घरी."

"मंग तुझं तू बघ," म्हणाले आणि गेटकडं निघाले. मी स्टँडपर्यंत सोबत गेले नाही. खरं तर पाय निघत होते. पण गेले असते तर बसमध्येही चढले असते, हे मला माहीत होतं.

कन्नडकडचं एक स्थळ बोलून ठेवलेलं होतं, ते महिनाभरात मोडलं. आबा माझ्याशी बोलेनात. आई फोनवर रडायची आणि जेवलीस का विचारायची.

आणि मग सर ज्याला भीत होते तेच झालं. एका सकाळी चिलटं मोजताना मला फिट आली. मैत्रीण शेजारी होती. तिनं स्टूल बाजूला सारलं, मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपली ओढणी घातली. चप्पल हुंगवायला आलेल्या शिपायाला तिनं हाकलून दिलं. मी शुद्धीवर आले तेव्हा बाटली फुटलेली होती आणि चिलटं खोलीभर उडत होती.

"अबी उठू नको," ती म्हणाली. "चिलटं गेली तर जाऊ दे, बच्चे दुसऱ्या बाटलीत आहेत."

सर दारात येऊन उभे राहिले. मी जमिनीवर पडूनच त्यांच्याकडं पाहिलं. उठून बसायची घाई केली नाही, पदर सारखा केला नाही. ते थोडा वेळ थांबले आणि गेले. दुपारी मी परत त्याच टेबलाशी बसले. हात जड होते, अर्धं काम मैत्रिणीनं केलं. पण ते टेबल सोडायचं नाही, हे मी ठरवलं होतं.

संक्रांतीला घरी गेले नाही. होळीनंतर आबाच आले, वसतिगृहाच्या दारात. आईनं दिलेले लाडू होते आणि एका पुडक्यात माझ्या गोळ्या. इतकी वर्षं त्या गोळ्या आबा औरंगाबादलाच घ्यायचे, तिथं ओळखीचं कुणी नसतं म्हणून. या वेळी पुडक्यावर पिशोरच्याच मेडिकलचं नाव होतं. मी पुडकं हातात धरून उभी राहिले.

"मागितल्या दुकानात," आबा म्हणाले. "चारचौघं व्हती. पोरीच्या हायत म्हनलं." मग लाडू ताजे आहेत, लवकर खा, असं सांगून ते शेवटच्या गाडीच्या बरंच आधी निघून गेले.

पुढं मी त्याच विषयात संशोधन केलं आणि आता मीच प्रशिक्षण देते. पैठणपासून, फुलंब्रीपासून कॉलेजांतले शिक्षक आणि विद्यार्थी येतात. उन्हाळ्यात आम्ही कूलरपुढं ओली पोती लावतो आणि चिलटं जगवतो. मराठवाड्यात हे होत नाही असं सांगणारे आता निवृत्त झालेत. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना सांगते की मला फिट येते. आली तर मला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा आणि आधी बाटल्यांची बुचं लावा. काहीजण मान खाली घालतात. जेवणाच्या सुट्टीत एखादी मुलगी हळूच जवळ येते आणि औषध कोणतं ते विचारते. मी तिला डॉक्टरचं नाव मोठ्यानं सांगते.

मागच्या हिवाळ्यात एक शिक्षक म्हणाले की मॅडम, तुमच्यासारख्यांनी खरं तर आराम करायला हवा, इतकी दगदग कशाला. त्यांना मी त्या दिवशी सगळ्या वापरलेल्या बाटल्या धुवायला दिल्या. चांगल्या धुतल्या त्यांनी.