कळलं नाही, तर बटण ठेवा

अक्का गेल्याचं मला गिरणीत, दळणाच्या रांगेत कळलं. वार मंगळवार. दुपारी तीनला आम्ही चौघी तिच्याकडं वाचायला जमणार होतो… जमलोही, पण तिला निरोप द्यायला.

मंगळवार पेठेत अक्काचं ब्लाउज शिवायचं दुकान. शिक्षण चौथी. एकदा देवळात प्रवचन संपल्यावर तिनं एका ओवीचा अर्थ विचारला. बुवा हसून म्हणाले, "बायकांनी नुसतं ऐकावं, पुण्य लागतं." अक्का उठूनच आली. दुसऱ्या दिवशी ती ओवी ज्यातली, तो जाडजूड ग्रंथ विकत आणला आणि आम्हाला गोळा केलं. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल.

दर मंगळवारी एक पान. प्रत्येकीचं बटण वेगळं; जिला जी ओळ कळणार नाही तिनं त्या ओळीवर आपलं बटण ठेवायचं. अर्थ आपल्या शब्दांत सांगता आला की उचलायचं. तोवर पान उलटायचं नाही. मी पहिलं वर्षभर लाजेनं बटण ठेवलंच नाही. शेवटी अक्कानं पकडलं. "सांग की मग, काय कळलं?" मी तीच ओळ पुन्हा वाचून दाखवली. "कळलं न्हाय म्हणायला लाजतीस व्हय? लाजायचं त्या बुवानं!" मला रडू आलं, रागही आला. पण खरं वाचन त्या दिवशी सुरू झालं.

इतक्या वर्षांत निम्माच ग्रंथ झाला म्हणून गल्ली हसायची. अक्का म्हणायची, "शर्यत हाय काय?"

तेराव्याला तिच्या धाकट्या दिरांनी ग्रंथ मागितला. वाचक बोलावून आठवड्यात पारायण उरकायचं, वहिनीला शांती मिळेल म्हणे. "तुमच्यानं काय पुरा व्हायचा न्हाय."

"न्हाय व्हायचा तर न्हाय, भाऊजी. पण ग्रंथ मिळणार न्हाय!"

पुरुषमाणसाशी एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. बोलले ते बरंच केलं.

कारण ग्रंथात तिचं बटण होतं. कोटाचं, काळं. शेवटच्या मंगळवारी तीच अडली होती, आणि तिला न कळलेलं पान भाडोत्री वाचकानं भराभरा उलटावं, हे मला सोसलं नसतं. चार मंगळवार आम्ही चौघी त्या एका ओळीशी झटलो. गेल्या खेपेला आमच्यातली सगळ्यांत कमी शिकलेली हुसेनबी चुलीपुढं बोलावं तसा अर्थ सांगत गेली. आम्हाला कळलं. अक्काचं बटण मी उचललं. पान उलटलं… दुसऱ्याच ओळीला मी अडले. तेच बटण तिथं ठेवलं.