रानोंगच्या बेटावर आई काजू फोडायला बसली

सिडनीत क्वेकर्स हिलच्या आमच्या घरात आई सात महिने सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून होती. बाबा गेल्यावर मीच हट्टाने तिला वेंगुर्ल्याहून आणलं. आता कायमच्या व्हिसाचा फॉर्म भरायचा होता आणि बाईसाहेब काही केल्या हो म्हणेनात. म्हटलं, चला, समुद्र दाखवू, मन रमेल.

सिडनीहून बँकॉक, पुढे दीडेक तासाच्या विमानाने रानोंग. थायलंडची ही चिंचोळी पट्टी: एका अंगाला डोंगर, दुसरीकडे खाडी, खाडीपलीकडे म्यानमार. आठ महिने पाऊस, तेव्हा जानेवारीतच जा. एकेकाळी हे गाव कथिलाच्या खाणींवर गब्बर झालं, एक चिनी खाणमालक तर इथला गव्हर्नर झाला. आता मासळीवर चालतं, आणि ती उतरवणारे बहुतेक पलीकडून आलेले बर्मी कामगार. आईला बंदर दाखवलं. म्हणाली, आपला बांगडा यापेक्षा ताजा. संपला विषय.

गावातच गरम पाण्याचे झरे आहेत, फुकट. तिचे गुडघे दुखतात म्हणून तासभर पाय बुडवून बसवलं. तिने पाय पुसले आणि विचारलं, आता काय करायचं?

दुसऱ्या दिवशी स्पीडबोटने पयाम बेटावर गेलो, तिकीट साडेतीनशे बाथच्या आसपास. बेटावर गाड्या नाहीत, मोटरसायकलच्या साइडकारमध्ये बसायचं. आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काय, तर काजूची झाडं! कोकणातली मी, रजा टाकून थायलंडात कोकण बघायला आले. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

एका घरापुढे आईच्याच वयाची बाई भाजलेल्या काजूबिया फोडत होती. मी भाव विचारेपर्यंत आई तिच्याशेजारी फतकल मारून बसलीसुद्धा. चीक बोटांना लागू नये म्हणून बोटं चोळून खुणेनेच राख मागितली, बाईने वाटी पुढे सरकवली. मग आईने तळवे दाखवले, काजू कारखान्यातल्या चिकाने भाजलेले, वर्षानुवर्षांचे डाग. बाईनेही आपले दाखवले. अगदी तसेच. दोघी हसल्या आणि कामाला लागल्या.

मी शहाळं संपवलं, फोटो काढले, बोट चुकेल म्हणून दोनदा हाक मारली. आई अख्खे गर काढत होती, एक तुकडा पडत नव्हता, आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच गुणगुणत होती. तिला काम करताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. दमून घरी आलेली तेवढी पाहिली होती. मला फार लाज वाटली.

बोटीत तिने माझा हात धरला.

"तू माका सुखात ठेवलंस गो," ती म्हणाली, "पण हात रिकामे ठेवलंस."

रानोंगला जरूर जा. आईला नेणार असाल तर तिला काय बघायचंय ते आधी विचारा, मी विचारलं नव्हतं. परत आल्यावर फॉर्म तसाच सोडून दिला. वेंगुर्ल्यात काजूचा हंगाम मार्चमध्ये भरात येतो, त्याआधीचं तिचं तिकीट काढलं, फक्त जाण्याचं. पैसे भरताना मला रडू आवरेना. आई आतल्या खोलीत बॅग भरत होती. इतक्या महिन्यांत तिला एवढ्या घाईत मी पाहिलं नव्हतं.