इनीचा पाय

इनी पालेन्फोला मदत करणं म्हणजे साळिंदराला कुरवाळणं. नवरा गेला, दोन्ही मुलगे दक्षिणेला कोकोच्या मळ्यांवर गेले, तरी ती आपल्या धाब्याच्या घरात एकटी राहिली. कोनफळांसाठी मातीचे ढीग स्वतः घातले, धाब्यावरची माती स्वतः चोपली. कोणी हात पुढे केला की म्हणायची, "हात रिकामा आहे का? मग स्वतःचं नाक पूस." गावात तिच्याशी गोड बोलणारं कोणी नव्हतं, आणि तिलाही ते नकोच होतं. पण तिच्या गिनी कोंबड्यांसारख्या कोंबड्या नदीच्या या अंगाला कोणाकडे नव्हत्या, हे तिचे वैरीसुद्धा कबूल करायचे.

त्याचं कारण वाळवी. संध्याकाळी मडक्यात शेण आणि कडबा कोंबून ते वारुळाच्या भोकावर उपडं घालायचं, सकाळी उचलायचं. आत वाळवी वळवळत असते, ती पिल्लांपुढे झटकायची. आम्ही सगळ्याच बायका हे करतो. इनी मात्र सगळ्यांच्या आधी, झुंजुमुंजूला जायची, कारण तिची शर्यत आमच्याशी नव्हतीच, काळ्या मुंग्यांशी होती. त्या मुंग्या वाळवीवरच जगतात. रांग धरून येतात, धाड घालतात आणि रांगेनंच परत जातात. वाटेत पाय पडला तर आधी सूं असा आवाज करतात, मग डंख मारतात. भला थोरला गडी जमिनीवर बसतो.

एका सकाळी मी तिच्याबरोबर होते. मुंग्या आमच्या आधी पोचल्या होत्या. मला वाटलं, आता शिव्या ऐकायला मिळणार. पण ती उकिडवी बसून परतणारी रांग बघत राहिली. वाळवीच्या शिपायांनी काहींचे पाय तोडले होते. अशी एक लंगडी मुंगी रेंगाळत होती. दुसरी आली, तिनं मिशांनी तिला चाचपलं आणि उचललं. उचलल्याबरोबर लंगडीनं उरलेले पाय पोटाशी घेतले आणि गपगार झाली.

"हिला कसं कळलं गं, ही दुखावलीय ते?" इनीनं विचारलं.

माझा भाऊ जंगलातल्या संशोधन तळावर स्वयंपाक करतो. तिथली माणसं वर्षानुवर्षं याच मुंग्या बघत बसतात. त्याच्याकडून ऐकलेलं मी सांगितलं. दुखावलेली मुंगी एक वास सोडते, त्या वासावर दुसऱ्या येतात. घरी नेऊन तिची जखम चाटून साफ करतात. जखम सडायला लागली तर तेही ओळखतात आणि आपल्याच अंगातलं औषध तिला लावतात.

"म्हणजे हाक मारली की येतात?"

"येतात म्हणे."

"मग मुंग्यांत आपल्यासारखी, हाकेला शिवी देणारी थट्टेची नाती नसणार," इनी म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

रांगेच्या मागं एक मुंगी राहिली होती, जवळजवळ सगळे पाय गेलेली. उचलायला आलेल्यांना ती हातच लावू देईना, नुसती गरगर फिरत होती. त्या तिला सोडून गेल्या. इनी तिच्याकडं बराच वेळ बघत होती, आणि मला उगाचच ते आवडलं नाही.

थट्टेचं नातं तिचं होतं माझ्या नवऱ्याशी, तिओफेशी. दोघांच्या आयांची कुळं अशी, की एकमेकांना गुलाम म्हणायचं, वाटेल ते बोलायचं, अगदी मरणावरून, आणि रागवायचं नाही. रागावला तो चुकला. बोललेलं खरं धरलं तो त्याहून चुकला. माझं कूळ वेगळं, मला त्यात तोंड घालायचा हक्क नाही. त्यामुळं गेली वीस-बावीस वर्षं मी नुसती ऐकत आले होते.

"गुलामे, अजून मेली नाहीस?" तो कुंपणापाशी थांबून ओरडायचा.

"तुझ्या खांद्यावर बसून जाणाराय. खांदा धुऊन ठेव."

असं रोज. एखाद दिवशी झालं नाही तर दोघांनाही जेवण गोड लागायचं नाही.

पुढं एका पहाटे मुंग्यांची रांग मडक्याच्या तोंडाशी पोचलेली बघून इनीनं घाईनं मडक्याला लाथ हाणली. मडकं फुटलं, आणि खापरी तिच्या तळव्यात खोल गेली. हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी तिनं मला एवढंच सांगितलं, की काटा रुतलाय. पायाला फडकं गुंडाळलं होतं.

बाजाराच्या दिवशी झाडाखाली ज्वारीची दारू प्यायला सगळे बसले होते. इनी लंगडत आली, आपलं तीन पायांचं बुटकं स्टूल टेकवून बसली आणि तिओफेला म्हणाली, "गुलामा, माझा पाय सडायला लागलाय. पाठीवर घे आणि दवाखान्यात ने."

"पाय सडला? मी म्हटलं, तू तोंड उघडलंस म्हणून वास येतोय."

"खरंच सांगते. मरीन."

"मर की. मयताची दारू कधी पाजतेस, म्हणून वाट बघतोय मी."

सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत मोठ्यानं इनी. पण दारूचा तुंबा तिनं तोंडाला न लावताच खाली ठेवला, आणि मी ते बघितलं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, जाऊन तिचा पाय बघा एकदा."

"ती रोज मरते गं. जित्याची खोड आहे ती."

"आज वेगळं होतं."

"उद्या मी तोंड पाडून तिच्या दारात उभा राहिलो, तर अख्खं गाव म्हणेल, तिओफेला थट्टा सोसेना. ती तर पुन्हा माझं तोंड बघायची नाही." तो वाईट माणूस नाही. तो रीत पाळत होता, आणि मला त्या रीतीचा त्या रात्री भयंकर राग आला.

सकाळी मी इनीकडं गेले. "काटा होता गं, निघाला," म्हणाली. फडक्याला हात लावू देईना. दुसऱ्या दिवशी गेले तर दाराला आतून लाकूड लावलेलं. "कोंबड्यांना खायला घालतेय, जा," असं आतून ओरडली. कोंबड्या तर बाहेर, माझ्या पायांत उपाशी कलकलत होत्या. त्याच संध्याकाळी तिनं भिंतीआडून तिओफेला हाक मारली होती, "गुलामा, माझ्यानं उठवत नाही, ये." त्यानं वाटेवरूनच उत्तर दिलं होतं, "कबर खणून येतो, बस तोवर." मला हे त्यानंच हसत हसत सांगितलं.

पहाटे मी दाराचं लाकूड पाडलं. आत शिरताच नाकाला पदर लावावा लागला. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं.

"आक्का, अगं सांगायचंस!"

"सांगितलं की. तुझ्या नवऱ्याला सांगितलं."

"त्याला थट्टेत सांगितलंस."

"मला दुसऱ्या कोणत्या तऱ्हेनं मागता येतं?" ती म्हणाली. आयुष्यभर ताकाला जाऊन भांडं लपवलेली बाई होती ती.

मी हाक मारली तसा तिओफे धावत आला. पाय बघितला आणि खाली बसला. मग तिला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत, तीनचाकी मिळेस्तोवर, धावत गेला. सगळी वाट तो बोलत होता. "गुलामे, काय वजन गं तुझं. माझ्या कोंबड्या खाल्ल्यास का? शिवी दे की. एक तरी दे." मी मागून पळत होते. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा तिओफेचं बोलणं अधांतरी राहिलं. दवाखान्यातल्या लोकांनी जमेल ते सगळं केलं. दोन दिवसांनी ती गेली.

मुलगे आले. तिला आमच्या रीतीप्रमाणं झाडाखाली बसवलं, पुढं कवड्या टाकल्या, लाकडी पट्ट्यांचा बालाफोन वाजू लागला. मग थट्टेच्या नात्यातल्या माणसाची पाळी. त्यानं मेलेल्याचं सोंग करून लोकांना हसवायचं असतं. ते झाल्याखेरीज माणूस नीट जात नाही. तिओफे जागचा हलेना. म्हाताऱ्यांनी त्याला ढकललं.

त्यानं पायाला फडकं गुंडाळलं आणि लंगडत मधे गेला. इनीच्याच आवाजात ओरडला, "गुलामा, माझा पाय सडायला लागलाय. पाठीवर घे आणि दवाखान्यात ने." आवाज इतका हुबेहूब, की तिचे मुलगेसुद्धा हसले. त्यानं पुन्हा फेरी घातली. "खरंच सांगते. मरीन." पुन्हा हशा. तिसऱ्या फेरीला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तो हुंदके देत जमिनीवर पडला आणि तेच म्हणत राहिला. लोक हसून हसून एकमेकांवर कोसळत होते. कोणी त्याच्यावर कवड्या उधळल्या.

आमच्याकडं अजून सांगतात, रडण्याचं सोंग असं कोणाला वठलं नाही. तिओफेसमोरच सांगतात. तो मान डोलावतो.