खोली नंबर सतरा, हस्ते बकुळा

मी महापालिकेच्या मालमत्ता खात्यात आहे. माझा स्वभाव तापट आहे हे खात्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच चाळींच्या सर्वेक्षणाला नेमकं मला पाठवतात. लालबागमधली महापालिकेची जुनी चाळ पाडून भाडेकरूंना तीनशे चौरस फुटांची घरं बांधून द्यायची, असं ठरलं होतं. त्यासाठी यंदाच्या अर्थसंकल्पात पैसेही ठेवले होते. अट एवढीच, की पात्र भाडेकरूंची यादी मार्च संपायच्या आत वर गेली पाहिजे, नाहीतर निधी परत. एका खोलीला एक नाव, इतकं सरळ काम.

बाकीच्या सगळ्या खोल्या झाल्या. अडली ती सतरा नंबर.

दार सताड उघडं होतं. भिंतीलगत वरपर्यंत पत्र्याच्या ट्रंका रचलेल्या, प्रत्येकीवर रंगाने लिहिलेलं नाव. गॅसपाशी सत्तरीची एक बाई कुळथाची पिठी ढवळत होती.

"इथे राहतं कोण?" मी विचारलं.

"गाव रवता," ती म्हणाली.

मला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण ते खरंच होतं. ही खोली कणकवलीकडच्या कातळवाडी गावाची. गिरण्यांच्या काळात गावाने वर्गणी काढून ती भाड्याने घेतली आणि पावती सोनू राऊळ नावाच्या वडीलधाऱ्याच्या नावावर केली. गावाकडून नोकरीला येणारा प्रत्येक जण आधी इथे ट्रंक ठेवायचा, पाळीप्रमाणे इथेच झोपायचा, आणि बस्तान बसलं की विरार-डोंबिवलीला जायचा. सोनू राऊळ जाऊन तीस वर्षं झाली. ही गॅसपाशी उभी असलेली बकुळाकाकी त्यांच्या भावकीतली. ऐन तरुणपणी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती मुंबईला आली आणि या खोलीत रांधायला लागली. ती तिथेच राहिली.

मी मतदारयादी काढली. सतरा नंबरच्या पत्त्यावर एक्केचाळीस नावं! माझा पारा चढला.

"एवढ्याशा खोलीत एक्केचाळीस माणसं दाखवता?"

"बेचाळीस," काकी शांतपणे म्हणाली. "मनू परवाच इलो. तेचा नाव अजून चढूचा आसा."

"काकी, मला एकच नाव लागेल."

"मगे गावाचा घाल."

"फॉर्ममध्ये गावाला रकाना नाही."

तेव्हा पहिल्यांदा तिचा हात थांबला. "एकाचा नाव लागला काय तो दाराक कुलूप लावतलो, बाय. मगे गावाकडसून नवो येतलो तो खय जातलो?"

मी दाराकडे पाहिलं. त्याला बाहेरून कडीच नव्हती. कधी लागलीच नव्हती.

खरं तर "ठरवा आणि कळवा" म्हणून मी निघून यायला हवं होतं. पण नाव ठरवायला रविवारी गावाची बैठक होती, आणि सुट्टी असूनही मी भायखळ्याच्या माझ्या घरून तिथे गेले. खोलीत, गॅलरीत, जिन्यात कातळवाडीचे पुरुष भरले होते आणि भांडण रंगात आलं होतं. सोनू राऊळांचा नातू सुशांत म्हणत होता, पावती माझ्या आजोबांची. बाकीचे म्हणत होते, वर्गणी आमच्या बापांची. नव्या घराची किंमत काय येईल हेही सगळ्यांना तोंडपाठ होतं. काकी मध्येच उठली आणि ताटं मांडायला लागली. जेवायला बसलेला माणूस फार मोठ्याने भांडू शकत नाही, हे तिला चांगलं माहीत असणार.

रामूतात्या म्हणून एक जुने गिरणी कामगार होते. पिठीभात कालवता कालवता ते म्हणाले, "हिचाच नाव घाला. ही कोणाक दारातसून परत धाडूची नाय."

सुशांतने ताटातून मान वर केली नाही, पण जेवण झाल्यावर ना हरकतीच्या कागदावर पहिली सही त्यानेच केली. काकी मात्र भडकली. "माका नको! मी काय घर मागूक इल्लंय?" कोणी ऐकलं नाही.

मग मी तिचा रहिवासाचा पुरावा मागितला, आणि कळलं की तो नाहीच. रेशनकार्ड गावी दिराच्या घरी, आधारही तिथलंच. या एक्केचाळीस जणांची कार्डं, बँकेची खाती, मतदार फॉर्म यांसाठी जी बाई रांगेत उभी राहिली, तिने स्वतःचा एक कागद केला नव्हता.

"माझो कित्याक?" ती म्हणाली. "मी हयच आसंय ना."

मी तापट बाई आहे, चारचौघांत रडत नाही. तेव्हा मात्र माझे डोळे भरून आले, आणि त्या रागात मी सगळ्यांवर ओरडले, "घरात जे काही कागद असतील ते काढा!"

काकीने बिस्किटाचा डबा दिला. आत आमच्याच खात्याच्या भाड्याच्या पावत्या होत्या, सगळ्या सोनू राऊळांच्या नावाच्या. मी डबा बंद करणार, एवढ्यात खालची ओळ दिसली. पैसे कोण घेऊन आलं ते जुन्या पावतीवर लिहायची पद्धत होती. हस्ते बकुळा राऊळ. पुढची पावती, हस्ते बकुळा राऊळ. दर महिन्याला, वर्षानुवर्षं, माझ्या आधीच्या कारकुनांच्या अक्षरात, महापालिकेच्या गोल शिक्क्याखाली. यापेक्षा पक्का पुरावा कोण देणार होतं?

मी टिपण लिहिलं. साहेबांनी दोन दिवस कुरकुर केली आणि मार्चच्या एकोणतीस तारखेला सही केली. यादी गेली, निधी राहिला.

हे सांगायला मी सतरा नंबरमध्ये गेले, तर काकीचा चेहरा काही खुलेना. तिने एकच विचारलं, "नव्या घराच्या दाराक कडी नको म्हणान सांगशीत?"

मी सांगितलं, नवीन दारांना लॅच असतो, ओढलं की आपोआप बंद होतं. महापालिका घरामागे दोन चाव्या देते. तिचं तोंड एवढंसं झालं. मला ते बघवेना.

"उरलेल्या मी करून देईन," मी म्हटलं. "हिंदमाताजवळ माझ्या ओळखीचा चावीवाला आहे. बेचाळीस चाव्या, झालं?"

"त्रेचाळीस," काकी म्हणाली. "तुझी धरूक नको?"