कॅजिटनमामाची हुकलेली पेनल्टी

आमच्या उत्तनसाठी कॅजिटनमामा सोळा वर्षं अनवाणी फुटबॉल खेळला आणि दीडशेच्या वर गोल मारून बसला. सेहेचाळीस साली त्याचा गुडघा सुजलेला, होडी ओढून ओढून पाठ गेलेली.

"या वर्षी मना सोरा," तो म्हणाला.

कप्तान निकोलस नेहमीसारखा नाकातून, शब्द लांबवत बोलला, "सोडतो की मामाऽ, तू गोल मारायचा थांब आधी."

मामाने ते मनावर घेतलं. चर्चच्या सणाला गोराईशी मॅच होती. पेनल्टी मिळाली, तेव्हा त्याने बॉल मुद्दाम बाहेर, सुकत घातलेल्या बोंबलांवर मारला. मॅच बरोबरीत संपली आणि सुटलो म्हणून मामा वाळूत आडवा झाला.

पण गोराईच्या गोलकीपरची आई त्याच आठवड्यात वारली होती.

"काय मन हाय बघा त्याचं," टेरेझाआत्या डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटली. "दुखातल्या मानसावर गोल न्हाय मारला."

लोकांनी मामाला खांद्यावर घेतलं. निकोलसने स्वतःची कप्तानकी पुढच्या वर्षासाठी त्याला देऊन टाकली.

"मना खाली उतरवा," मामा म्हणाला. "गुडघा दुखतंय."

"लाजतोय," म्हणत त्यांनी त्याला अख्ख्या गावातून फिरवला.