रॉकेलच्या डब्यांचं चिलखत

लग्न होऊन मी रनाळ्याला आले तेव्हा माझे यजमान तिथल्या शाळेत मास्तर होते. दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. गावातल्या मंडळींनी नाटक करायचं ठरवलं आणि ते लिहायचं काम यांच्याकडे आलं. यांनी सातपुड्याच्या पोटात एक सोन्याची नगरी वसवली, तिला एक राजा दिला आणि राजाशी लढायला आग ओकणारा राक्षस दिला. वही मला वाचायला दिली. तिसऱ्याच पानावर होतं, ‘राजा चिलखत घालून प्रवेश करतो.’

“चिलखत आणणार कुठून?” मी विचारलं.

“तू शिवशील की,” हे म्हणाले.

माझ्याकडे माहेरून आलेलं हातमशीन होतं, पण त्यावर मी चोळ्या आणि झबली सोडून काही शिवलं नव्हतं. चिलखत तर चित्रातच पाहिलेलं. तरी नाही म्हणवेना. राजा व्हायचा होता गावातला एक धिप्पाड शेतकरी. त्याच्या अंगाचं माप मी घेणं शक्यच नव्हतं, म्हणून यांनी दोरीला गाठी मारून माप आणलं. छातीची गाठ पाहून मला वाटलं, यांनी चुकून बैलाचं माप घेतलं.

नंदुरबारचे एक टीनवाले चाचा बाजाराच्या दिवशी गावात येत. कंदील, गळकी भांडी झाळून देत. मी त्यांना रॉकेलचे रिकामे डबे दाखवले आणि माशाच्या खवल्यांसारखे तुकडे कापून मागितले. चाचा हसले नाहीत. एक तुकडा कापला, कानशीने घासून त्याची धार मारली, कडा बोथट केली, वरच्या बाजूला दोन भोकं पाडली आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

“बेटी, कापून देतो सगळे. पण शिवणार कशावर?”

“जुन्या गोधडीची बंडी शिवलीय.”

“शाबास!”

पुढच्या बाजारापर्यंत मी गळ्यापासून खाली चार ओळी शिवून ठेवल्या होत्या. दाभणाने बोटं सोलली होती. चाचांनी बंडी हातात घेतली आणि विचारलं, “घरावर कौलं घालताना सुरुवात कुठून करतात?”

मी काय ते समजले. खालून! म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची शिवण झाकते. चारही ओळी उसवल्या आणि पुन्हा पहिल्यापासून बसले. रडू येत होतं, पण खालून चढत गेलेल्या ओळी दिसायला लागल्या तसा मलाच हुरूप आला. शेवटी खांद्याला सहा खवले कमी पडले. चाचा यायला अवकाश होता, म्हणून ते मीच कात्रीने कापले, खिळ्याने भोकं पाडली.

तालमीत राजाने चिलखत घातलं आणि सगळे उठून उभे राहिले, इतका तो राजा दिसला. मग तो बोलायला लागला. एकेका शब्दाबरोबर अंगभर खणखणाट.

“मास्तरीणबाई, मन्हा आवाज कोणले ऐकू येवाव शे?” तो काकुळतीला आला. “आनि हात बी वर जात नही!”

मी प्रत्येक खवल्याखाली घोंगडीचा तुकडा घातला आणि काखा उसवून तिथे नाड्या लावल्या. खणखण थांबली, हातही वर गेला.

बाहेरगावच्या लोकांना उजेडात घरी पोचता यावं म्हणून नाटक दुपारी ठेवलं होतं. आम्ही बायका एका अंगाला बसलो होतो. राजा आला, उन्हात डबे असे चमकले की पुढच्यांनी डोळ्यांवर हात धरले. माझ्या शेजारची म्हणाली, “चांदीनं शे का वं?” मी खुशाल हो म्हणाले.

आणि ऐन लढाईत राक्षसाची लाकडी तलवार राजाच्या खांद्यावर बसली. मी कापलेले ते सहा खवले! धार मारायची राहिली होती, तिने दोरा आतून कापत आणला होता. टण् टण् करत सहाही खाली पडले, मागून आणखी दोन-तीन. राजा वाक्य विसरला. राक्षस तोंडावर हात धरून हसत होता. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात पुरुषांमध्ये बसलेले चाचा उठले. लुंगी सावरत, पिशवी घेऊन रंगमंचावर चढले, राजाला मुजरा केला आणि खड्या आवाजात म्हणाले, “हुजूर, मी आपला चिलखत बनवणारा. माझ्या कामाला बट्टा नको. लढाई जरा थांबवा.” मग राक्षसाकडे वळून, “तू पण बस रे तिकडे!”

राक्षस खरंच बसला. चाचांनी तारेने एकेक खवला जागेवर बसवला. तोवर राजा सावरला होता. “कारागीर, तुले काय इनाम देऊ?” त्याने आपल्या मनाने विचारलं.

“इनाम नंतर. आधी याला हाणा!”

लोक उभे राहून ओरडत होते. मीही ओरडले, डोक्यावरचा पदर घसरला तरी भान नव्हतं.

नाटक संपल्यावर मी चाचांकडे जाऊन खरं सांगितलं, की ते सहा माझेच होते. “माहीत आहे,” ते म्हणाले. “माझी भोकं गोल असतात.” आणि पिशवीतली जुनी कानस काढून माझ्या हातात दिली.

यांनी त्याच आठवड्यात वहीत कारागिराचा प्रवेश लिहिला. पुढे दोन वर्षं चाचांनी तो केला, पण यांनी लिहिलेलं एकही वाक्य कधी म्हटलं नाही. दर खेपेला नवंच काहीतरी बोलायचे आणि राजाला हसू आवरायचं नाही.